रानकुत्री आणि कांगारू

मंडळी, आज परमुलखातली गोष्ट सांगतो. ऐकलेली नाही, डोळ्यांनी पाहिलेली.

माझा मुलगा ऑस्ट्रेलियात नोकरीला आहे. २०१९ च्या जुलैत मी त्याच्याकडे गेलो होतो. आपल्याकडे तेव्हा भाताची लावणी, तिकडे हिवाळा. तो म्हणाला, "नाना, चला, आउटबॅक दाखवतो." आउटबॅक म्हणजे त्या देशाच्या पोटातला कोरडा मुलूख. तांबडी माती, खुरटी झुडपे. मैलोन् मैल घर दिसत नाही.

कूबर पीडी नावाचे गाव आहे. त्याच्या पुढे उत्तरेला, एका पाणवठ्याजवळ आम्ही तंबू ठोकला. मुलाने खाण्याचे सगळे सामान गाडीत कोंडले. म्हणाला, "वहाणाही आत ठेवा. इथं डिंगो येतात." डिंगो म्हणजे तिकडचा रानकुत्रा. रंग तांबूस, पाय पांढरे. भुंकतो क्वचितच, लांडग्यासारखा लांब सूर काढतो. मी मनात म्हटले, कुत्र्याला काय भ्यायचे! वहाणा बाहेरच ठेवल्या.

रात्री तो सूर ऐकला. एकाने काढला, दुसऱ्याने उचलला. मी पांघरूण डोक्यावरून घेतले.

पहाटे मुलाने हलवून उठवले. पाहतो तर पाण्यात एक कांगारू उभा. पुरा वाढलेला नर, माणसाएवढा. कमरेपर्यंत पाण्यात. काठावर तीन डिंगो. एक इकडून जाई, दुसरा तिकडून. कांगारू हलेना. मला वाटले, संपले बिचाऱ्याचे! मी दगड उचलला. मुलाने हात धरला. "नाना, थांबा. त्यांचंही पोट आहे. आणि तो काही दुबळा नाही."

एक डिंगो पाण्यात उतरला. पोहत जवळ गेला. तसे कांगारूने पुढच्या दोन पायांनी त्याला धरले आणि पाण्याखाली दाबले. डिंगो कसाबसा सुटला, काठाला आला. मग कळले, कांगारू पाण्यात का शिरला ते. जमिनीवर तिघे मिळून त्याला पळवून दमवतात. पाण्यात त्याचे पाय तळाला टेकतात, कुत्र्याला मात्र पोहावे लागते. घटकाभराने डिंगो निघून गेले. दगड माझ्या हातातच राहिला.

परत येताना कुंपण पाहिले. जाताना अंधारात नीट दिसले नव्हते. डिंगोपासून मेंढ्या राखण्यासाठी हे तारेचे कुंपण घातले आहे. उंची सुमारे सहा फूट, लांबी सुमारे ५६०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला दोनदा जाऊन यावे, एवढे! आपले धनगर लांडग्याच्या भीतीने मेंढ्यांभोवती वाघर लावतात, तशातलेच हे.

पण गंमत पाहा. डिंगो हटला तिथे कांगारू फार वाढले. मेंढीचा चारा तेच खाऊन टाकतात. डिंगो राहू द्यावा तर मेंढ्या जातात, घालवावा तर गवत जाते. तिकडे यावर मोठा वाद आहे. कोणी म्हणतात, डिंगोला राहू द्या. मुलाचेही तेच म्हणणे. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, आपली एकही मेंढी नाही. ज्याच्या दहा मेंढ्या एका रात्रीत फाडल्या, त्याला जाऊन सांग." त्यावर तो गप्प बसला. खरे सांगायचे तर मलाही पुढे काही सुचले नाही.

कुंपणापर्यंत मी मुलाचे बूट घालून गेलो. माझी डावी वहाण डिंगोने रात्रीच नेली होती.