खुबा कशाचा बसवला?

(लोणी काळभोर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घरात कोणाचा खुबा बदलायचे ठरले की आपण दोनच गोष्टी विचारतो : खर्च किती आणि डॉक्टर कोण? आत बसणारा सांधा कशाचा आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी आज तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी आरंभी वाटी टेफ्लॉनची केली. ती गुळगुळीत खरी, पण दोन-तीन वर्षांत झिजली आणि झिजेचा भुगा शरीराला सोसेना. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. मग या गृहस्थाने टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन या दोहोंचा भुगा स्वतःच्याच मांडीत टोचून घेतला! टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या. १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरली, आणि ती कित्येकांना वीस-वीस वर्षे पुरली.

तिचाही बारीक भुगा पडतोच. त्याला तोंड देता देता शरीर भोवतालचे हाड झिजवते आणि सांधा सैल होतो. १९९० नंतरच्या दशकाअखेर किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेले, फार कमी झिजणारे पॉलिथिलीन आले. सिरॅमिकचा गोळाही कमी झिजतो. क्वचित तडकतो, एवढेच. आपल्याकडे गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून ऐन चाळिशीत खुबा बदलावा लागणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांधा दीर्घकाळ पुरला पाहिजे.

याच गरजेतून धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा बसवण्याची कल्पना पुढे आली. मोठा गोळा सहज निखळत नाही. जेवणासाठी, नमाजासाठी जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. पण डीप्यू कंपनीच्या 'एएसआर' या सांध्यात कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून रक्तात उतरले, भोवतालचे मांस नासले. ब्रिटनमधील नोंदींनुसार पाच वर्षांत शंभरातील बारा-तेरा रुग्णांवर फेरशस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नोंदवली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली आणि २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरले : ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. पण ती द्यायची कोणाला? बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही! ब्रिटनमध्ये सांध्यांची राष्ट्रीय नोंद होती म्हणून दोषाचे प्रमाण कळले; आपल्याकडे कागद घरातच हरवले.

म्हणून विनंती अशी. सांध्याच्या वेष्टनावर कंपनी, माप व लॉट क्रमांक छापलेली चिठ्ठी असते. ती मागून घ्या. ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेली असावी. तिची एक प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि मुलांना जागा दाखवून ठेवा. ज्यांच्या खुब्यात धातूवर धातू आहे, त्यांनी दुखत नसले तरी रक्तातील कोबाल्ट-क्रोमियम तपासण्याविषयी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. जुनी फाइल सापडत नसेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करावा. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. तो लिहून द्यायला आपली दहावीची मुले पुरेशी आहेत.