भांडवलशाहीचे वाण

श्रोतेहो, ज्वारी म्हणजे सगळी एकच, असे शहरातला माणूस म्हणेल. आपण तसे म्हणणार नाही. सोलापूरकडची मालदांडी वेगळी, खानदेशातली दादर वेगळी. भांडवलशाहीचेही असेच आहे. पैसा गुंतवावा, माल काढावा, तो विकून नफा मिळवावा, एवढे सूत्र सगळीकडे सारखे. पण गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्या देशांत तिचे वाण निरनिराळे निघाले. त्यांतले दोन आज पाहू, आणि मग आपल्या घराकडे वळू.

पहिला देश दक्षिण कोरिया. तेथे कारखान्यांच्या आधी जमिनीचा प्रश्न हाती घेतला गेला. १९४९ च्या कायद्याने शेतजमिनीची मर्यादा सुमारे ३ हेक्टर ठरली आणि पुष्कळ कुळे मालक झाली. १९६१ साली लष्कराची सत्ता आली. जनरल पार्क यांच्या सरकारने बँका ताब्यात घेतल्या. कारखानदार खाजगीच राहिले. पण स्वस्त कर्ज हवे ना, मग परदेशात माल विकून दाखवा, अशी अट पडली. १९६४ साली त्या देशाची निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ साली ती १,००० कोटींवर गेली. तेरा वर्षांत शंभरपट!

याची किंमत मात्र कामगारांनी मोजली. संघटना दडपल्या गेल्या. १९७० साली सोल शहरात जोन ते-इल या २२ वर्षांच्या शिवणकामगाराने, कामगार कायदा पाळला जावा म्हणून, स्वतःला जाळून घेतले. सरकार कारखानदाराला जाब विचारत होते. सरकारला विचारणारे कोणी नव्हते. १९८७ साली जनता आणि कामगार रस्त्यावर आले, तेव्हा कोठे हे बदलू लागले.

दुसरा देश ब्राझील. तेथेही १९५२ साली सरकारने विकास बँक काढली. परदेशी मोटार कंपन्यांना बोलावले, देशी उद्योगांना जकातीचा आडोसा दिला. विमाने बांधण्याचा कारखानाही १९६९ साली सरकारने उभारला, आणि तो नावाला चढला. १९६८ ते १९७३ या काळात उत्पन्न वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी वाढले. पण मोठ्या जमीनदारांच्या जमिनींना फारसा हात लागला नाही. वाढीचे लोणी वरच्यांच्याच ताटात पडले. बाहेरून घेतलेले कर्ज डोईजड झाले आणि १९८२ नंतर देश अडचणीत सापडला.

आता आपल्याकडे पहा. १९५१ च्या कायद्याने मोठ्या उद्योगाला परवाना लागू झाला. परवाना मिळवणे कठीण. पण एकदा मिळाला की स्पर्धेची धास्ती थोडी. माल कसा आहे, हे विचारणार कोण? १९९१ साली हे बंधन बरेचसे सुटले.

याच काळात महाराष्ट्रात एक आगळा वाण रुजला. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. भाग कमी असोत की जास्त, सभासदाला मत एकच. ऊस पिकवणाराच भांडवलदार झाला! पण पुढे काही सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि खाजगी मालकांकडे गेले. मत होते, पण ते वापरून हिशेब मागण्याची सवय सगळीकडे टिकली नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा विषय निघाला तर मुलांना तीन प्रश्न द्यावेत. भांडवल कोणाचे? नफा कोणाकडे जातो? आणि हिशेब कोण मागतो? आणि शेतकरी बंधु-भगिनींनो, आपल्या सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो, तो पेटीत ठेवू नका. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या, कर्जाचा आकडा गेल्या सालच्या आकड्याशी ताडून पहा, आणि सभेत उभे राहून विचारा.