आचार्य, आचारी आणि शेवटचा अंक

लग्नघरांत 'आचार्यास बोलवा' म्हटलें, तर शास्त्रीबुवा येतात. 'आचाऱ्यास बोलवा' म्हटलें, तर स्वयंपाकी येतो. पहिल्या शब्दांत जोडाक्षराचा आघात मागील 'चा'वर पडतो, दुसऱ्यांत पडत नाहीं. मराठी कानास हा भेद शिकवावा लागत नाहीं. परंतु ज्यास कान नाहीं आणि डोळाही नाहीं, त्या संगणकास तो कसा कळावा?

संगणकाच्या स्मृतींत अक्षर म्हणून कांहींच नसतें. तेथें असतात विजेचे सूक्ष्म कोठे, आणि प्रत्येकाच्या अवस्था दोनच. त्यांस ० आणि १ हीं नांवें मनुष्यानें दिलीं. दहा अवस्था बिनचूक ओळखणें यंत्रास कठीण, दोन ओळखणें सोपें; म्हणून ही काटकसर. नित्याच्या गणनेंत अंक एक स्थान डावीकडे सरकला कीं त्याची किंमत दसपट होते. येथें दुप्पट होते. यास्तव ११०१ म्हणजे आठ, चार आणि एक मिळून तेरा. जर्मन तत्त्ववेत्ता लाइब्निट्स यानें या गणिताचें विवरण १७०३ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या फार पूर्वीं पिंगलाचार्यांनीं लघुगुरूंचे प्रस्तार मांडले होते. तीन अक्षरांचे गण आठच कां, हें वृत्तें पाठ केलेल्यास दोनाचा घन काढतांच उमगेल. (एवढ्यावरून पिंगलांस संगणकाचे जनक ठरविण्याची हौस मात्र आवरावी.)

अक्षरांसाठीं युक्ति साधीच आहे: प्रत्येकास एक क्रमांक द्यावयाचा. पण तो सर्वांनीं एकच मानला पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी फाँट घडविणाऱ्यांनीं आपापले निरनिराळे क्रमांक योजिले. एका यंत्रावर लिहिलेलें पत्र दुसऱ्यावर उघडावें, तों रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसे. शून्यें आणि एक जशींच्या तशीं शाबूत. हरवली ती किल्ली! त्या काळचे कित्येक मजकूर आजही रूपांतर केल्यावांचून वाचतां येत नाहींत.

आतां सर्वत्र रूढ झालेल्या युनिकोड संकेतांत 'र' चा क्रमांक २३५२ आणि 'ऱ' चा २३५३ आहे. सोळा स्थानांत मांडल्यास पहिला ००००१००१००११०००० असा होतो आणि दुसरा ००००१००१००११०००१ असा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या शब्दांतील बाकीचे सर्व वर्ण तेच. फरक या एका अखेरच्या अंकाचा. तो १ चा ० झाला, तर निरोप शास्त्रीबुवांकडे जाईल, आचारी चुलीपाशीं तिष्ठत राहील, आणि यंत्रास दोन्ही शब्द सारखेच शुद्ध असतील.