दोन डिस्क, एकच प्रत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘रेड’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला आधी प्राप्तिकर खात्याची धाड आठवते. आज मी ज्या ‘रेड’बद्दल बोलणार आहे ती संगणकातली. तिचा धाडीशी काही संबंध नाही. पण ती बिघडली की मालकाचा चेहरा तसाच उतरतो, हे मी संगणकदुरुस्तीच्या धंद्यात बऱ्याचदा पाहिले आहे.

आमच्या गावात एक फोटोग्राफर काका आहेत. पंचक्रोशीतली निम्मी लग्ने त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली असतील. अकरा-बारा वर्षांचे सगळे फोटो त्यांनी दुकानातल्या एका संगणकात जपून ठेवले होते. संगणक घेताना त्यांनी जोडणी करणाऱ्याला बजावून सांगितले होते, “दोन डिस्क घाल. एक गेली तरी दुसरीवर माल राहिला पाहिजे.” त्यानेही एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या आणि ‘रेड करून दिलंय’ असे सांगितले. काका निर्धास्त झाले.

एका वर्षी गणपतीला ते कोकणात गेले. जाताना शहाण्या माणसाप्रमाणे दुकानाचा मेन स्विच बंद केला. आठ-दहा दिवसांनी परत आले, संगणक चालू केला, तर घड्याळात कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख आणि पडद्यावर इंग्रजीत कसलीशी सूचना. कळ दाबून ते पुढे गेले. विंडोज नेहमीसारखे सुरू झाले. फक्त फोटोंचा डी ड्राइव्ह जागेवर नव्हता.

नेमक्या त्याच दिवशी एक कुटुंब दुकानात आले होते. घरातले वडीलधारे गेले होते. त्यांचा एकटा, चांगला असा फोटो घरात नव्हता. चार वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात फेटा बांधून उभे असताना काकांनी त्यांचा फोटो काढला होता. तेराव्याला तोच मोठा करून लावायचा होता. तेरावा दोन दिवसांवर आला होता.

मला फोन आला तेव्हा काकांचा आवाज बदललेला होता.

“अरे, डी ड्राइव्ह गेला. पोरगा म्हणतोय डिस्क इनिशियलाइज करा असं विचारतंय. ओके करू का?”

“काका, कशालाच हात लावू नका. मशीन बंद करा. मी येतो.”

मित्रहो, आजच्या भाषणातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हेच ठेवा. आपला माल असलेल्या डिस्कबद्दल संगणक ‘इनिशियलाइज करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असे विचारू लागला, तर त्याला नाही म्हणायचे. तो लबाडी करत नसतो. त्याला डिस्कवरचे वाचता येत नाही, म्हणून ती कोरी आहे असे त्याला वाटते, एवढेच.

आता झाले काय होते? संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिचा नंबर बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. संगणक विजेला जोडलेला असेपर्यंत या बॅटरीवर फारसा भार नसतो. मेन स्विच बंद झाला की घड्याळ आणि बायोसमधल्या नोंदी तिलाच सांभाळाव्या लागतात. बायोस म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी जागा होणारा कारभारी. त्याच्या जागी आता यूईएफआय आले असले तरी लोक त्यालाही बायोसच म्हणतात. काकांची बॅटरी संपत आलेली होती. आठ दिवसांत ती पुरती गेली आणि कारभारी सगळ्या सूचना विसरून कारखान्यातून आला त्या अवस्थेत परतला.

त्या विसरलेल्या सूचनांतली एक महत्त्वाची होती. बायोसमध्ये ‘साटा मोड’ नावाची नोंद असते. तिथे ‘एएचसीआय’ असेल तर प्रत्येक डिस्क सुटी दिसते. ‘रेड’ असेल तर दोन-तीन डिस्क मिळून एक समजल्या जातात. कारखान्यातली नोंद बहुधा एएचसीआय असते. त्यामुळे काकांच्या दोन डिस्कची जोडी फुटली आणि प्रत्येकीवर अर्धवट, अर्थ न लागणारा मजकूर उरला. विंडोज वेगळ्या एसएसडीवर असल्यामुळे ते मात्र व्यवस्थित चालू झाले, आणि म्हणूनच दोष डिस्कचा आहे असे वाटले.

दिलासा असा की जोडी कशी बांधली आहे याची नोंद बायोसमध्ये नसते, ती डिस्कवरच असते. इंटेलच्या पद्धतीत ती डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात लिहिलेली असते. आणि डिस्क नव्या पद्धतीने इनिशियलाइज केली की विंडोज सुरुवातीलाही लिहिते आणि शेवटालाही. म्हणजे त्या ‘ओके’ने जोडीची कुंडलीच पुसली गेली असती.

मी आधी बॅटरी बदलली. संगणक चालू करून बायोसमध्ये गेलो, तारीख-वेळ लावली, साटा मोड परत ‘रेड’ केला आणि नोंदी जतन केल्या. मग जोडीची माहिती दाखवणारा पडदा उघडला. जुन्या इंटेल बोर्डांवर त्यासाठी सुरुवातीलाच कंट्रोल आणि आय या कळा दाबाव्या लागतात. नव्या बोर्डांवर तो पडदा बायोसच्या आतच एका पानावर असतो आणि कळा कितीही दाबल्या तरी काही दिसत नाही. तिथे लिहिले होते, ‘फेल्ड’. दोनांपैकी एकच डिस्क सापडत होती.

काका माझ्या मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्या घरातला मुलगा बाकावर बसून होता.

अशा वेळी घाई करायची नाही. दोष बाहेरून आत शोधत जायचा. मी डबा उघडला. प्रत्येक वायरला कागदाची पट्टी चिकटवून क्रमांक लिहिला. दुसऱ्या डिस्कची साटा वायर बोर्डाच्या टोकाला किंचित सैल होती. बहुधा बॅटरी बदलताना माझाच हात लागला असावा. ती घट्ट बसवली, पुन्हा चालू केले. या वेळी पडद्यावर ‘नॉर्मल’ आले. विंडोज उघडले, डी ड्राइव्ह जागेवर होता. काकांनी पहिल्यांदा ते लग्न उघडले. फेटा बांधलेले ते गृहस्थ मांडवाच्या खांबाला टेकून हसत होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे भाषण केले नसते. त्या पडद्यावर मला आणखी एक ओळ दिसली होती. जोडीच्या नावापुढे लिहिले होते, ‘रेड शून्य, स्ट्राइप’.

मी काकांना विचारले, “डी ड्राइव्ह केवढा दिसतो?” ते म्हणाले, “दोन टेराबाइटच्या आसपास. का रे?” एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क, आणि जागा दोनची दिसते. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नव्हती. अकरा वर्षे काका ज्या भरवशावर झोपत होते, तो भरवसा मुळात नव्हताच.

हे समजायला थोडा इतिहास सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. मोठी, महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त, लहान डिस्क एकत्र जोडाव्यात, असा त्यांचा विचार होता. पण डिस्क वाढल्या की बिघाडाची शक्यताही वाढते. म्हणून माहितीचा काही भाग जादा लिहून ठेवायचा, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम अडत नाही. यालाच त्यांनी ‘रेड’ म्हटले. त्यांनी एक ते पाच असे प्रकार सांगितले. पहिला आरशाचा, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन प्रती. शून्य हा प्रकार त्यांच्या यादीत नव्हता. ते नाव मागाहून आले. त्यात मजकुराचे तुकडे करून एक या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर असे लिहितात. वेग वाढतो, जागा पूर्ण मिळते. पण जादा प्रत काहीच नाही. एक डिस्क गेली की दोन्हींवरचे गेले. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तर अशा जोडीची ती जवळजवळ दहा होते. शून्य म्हणजे सुरक्षितताही शून्य, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

जोडणी करणाऱ्याने फसवले असे मला वाटत नाही. बायोसच्या यादीत शून्य आधी येतो आणि त्यात जागाही जास्त दिसते. काकांनी ‘दोन डिस्क’ म्हटले, त्याने दोन डिस्क दिल्या. दोघांनीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

तुमच्याकडे अशी जोडी असेल तर काही गोष्टी आजच पाहून घ्या. पहिली, जागेचा हिशेब. दोन डिस्कच्या आरशात एकाच डिस्कएवढी जागा दिसायला हवी. दुसरी, बायोसमधल्या साटा मोडच्या आणि जोडीच्या पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी गेली किंवा बायोस अद्ययावत केला की या नोंदी पुसल्या जातात. तिसरी, नवी एम-डॉट-टू एसएसडी बसवल्यावर एखादी साटा डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नका. अनेक बोर्डांवर त्या खाचेचा आणि एखाद-दोन साटा जागांचा रस्ता एकच असतो. एक वापरली की दुसरी बंद पडते. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. वायर दुसऱ्या जागी लावायची, पण ती जागा त्याच चिपसेटची हवी. काही बोर्डांवर दोन-चार जागा निराळ्या कंपनीच्या चिपच्या असतात आणि तिथली डिस्क जोडीत येत नाही.

आरसा असणाऱ्यांनीही सावध राहावे. साटा मोड बदलल्यावर दोन्ही डिस्क सुट्या दिसतात आणि एकीवर काम चालूही होते. मग दोन्ही प्रती वेगळ्या होतात, आणि जोडी परत जमवली तरी खरी कोणती हा घोळ राहतो. आणि डिस्क बदलून आरसा पुन्हा भरताना जुनी कोणती, नवी कोणती हे तिच्यावरच्या क्रमांकावरून दोनदा तपासा. कोरी डिस्क भरलेलीवर उतरवून सगळे पुसलेले लोकही मी पाहिले आहेत. ‘रीसेट’ आणि ‘डिलीट’ हे शब्द दिसले तर तिथून मागे फिरा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आरसा ही राखीव प्रत नव्हे. तुम्ही चुकून फोटो पुसलात तर आरशातलाही त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. वीज कडाडली तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एकदम जातात. आरशामुळे काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. खरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी.

त्या रात्री आम्ही बाहेरच्या डिस्कवर फोटो उतरवायला लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपले. त्यानंतर जोडी मोडून आरसा बांधला आणि फोटो परत भरले. आता काकांची एक प्रत दुकानात, एक घरी देवघराजवळच्या कपाटात असते. दर रविवारी सकाळी ते ती ताजी करतात. बॅटरी बदलल्याची तारीख संगणकाच्या डब्यावर पेनाने लिहिलेली आहे.

तेराव्याला मी गेलो होतो. फोटोला हार घातला होता. तो मुलगा मला ओळखून पुढे आला, पाण्याचा पेला हातात दिला आणि फोटोकडे बघत म्हणाला, “एवढाच आहे आमच्याकडे.”

त्या नाण्याएवढ्या बॅटरीची किंमत मला शंभर रुपयेही पडली नव्हती.