नगरधनची राणी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



रामटेकला आपल्यापैकी कोण गेले नाही? गडावर दर्शन घ्यायचे, अंबाळ्यावर डबे सोडायचे आणि दिवेलागणीच्या आत नागपूर गाठायचे. तेथून सहा-सात किलोमीटरवर नगरधन आहे. तिकडे मात्र गाडी वळत नाही. लोक पडकी गावे पाहायला विमानाने इटलीत जातात! गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघीजणी मुद्दाम नगरधनला वळलो.

गाव लहान, भोवती धानाची शेते. किल्ला उभा आहे, पण तो पुष्कळ नंतरचा. आत पायऱ्यांच्या विहिरीशी जमिनीखाली देवी आहे, तिची आम्ही ओटी भरली. खरे जुने ते पायाखाली आहे. सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे विद्वान मानतात.

2015 ते 2018 या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. त्यात काचेची कर्णभूषणे निघाली आणि बोटाच्या पेराएवढा मातीचा एक मुद्रांक निघाला. त्यावर शंख, आणि ब्राह्मी अक्षरांत राणी प्रभावतीगुप्तेचे नाव.

ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक रुद्रसेनाची पत्नी. पती अकाली गेला, मुले लहान. तेव्हा युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून राज्याचा कारभार तिने हाती घेतला. नंदिवर्धनाहून दिलेला तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यावर तेरावे वर्ष आहे. म्हणजे कारभार चार दिवसांचा नव्हता. आज आपल्यापैकी किती जणींचे नाव सातबाऱ्यावर आहे, हे हात वर करायला सांगून विचारावेसे वाटते. पण सभेत ते बरे दिसणार नाही.

त्या ताम्रपटात मला दोन गोष्टी फार आवडल्या. वंशावळ सांगताना ती आरंभ माहेरच्या गुप्तांपासून करते, आणि गोत्रही माहेरचेच सांगते, धारण. सासरचे होते विष्णुवृद्ध. दुसरी गोष्ट दानाच्या तिथीची. कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे आपल्या तुळशीच्या लग्नाचे दिवस!

रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाचे देऊळ आहे, तेथे एक झिजलेला शिलालेख आहे. प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देव स्थापिला व त्याला आईचेच नाव दिले, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. आपण त्या देवळावरून कितीदा तरी गेलो असू, मुलांना माकडांपासून सांभाळत.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी : यंदाच्या सहलीत नरसिंहाच्या देवळापाशी थोडे थांबावे आणि नगरधनसाठी दोन तास राखावेत. सकाळी आधी नगरधन, मग गड, म्हणजे ऊन लागणार नाही. पिण्याचे पाणी आणि ओटीचे सामान ज्याचे त्याने बरोबर घ्यावे.