गिऱ्हाइकाला विचारावं कसं?

मोहाडीचं नाव काढलं की आमच्या भागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक चौंडेश्वरी मातेचं देऊळ आणि दुसरी कोशाची साडी. मोहाडी आणि शेजारचं आंधळगाव ही भंडारा जिल्ह्यातली जुनी हातमागाची गावं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशातून निघालेलं रेशीम साडीच्या अंगाला, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा, म्हणून तीन धोटे चालवावे लागतात.

इतकं कसब असलेल्या विणकराला एक गोष्ट मात्र सहसा कळत नाही. साडी नेसणाऱ्या बाईला काय हवं आहे? दोघांच्या मध्ये व्यापारी आणि दुकानदार. ‘हा रंग चालत नाही’ एवढाच निरोप येतो, तोही माल तयार झाल्यावर. मागावर एकदा ताणा चढला की त्यावर एकामागून एक साड्या उतरतात. मध्येच बेत बदलता येत नाही. अंदाज चुकला तर मजुरी आणि सूत दोन्ही अडकून पडतं.

मोठ्या कंपन्यांनी यावर एक तोड काढली. १९९९ साली अमेरिकेत कम्युनिस्पेस नावाची कंपनी निघाली. काहीशे निवडक गिऱ्हाइकांचा इंटरनेटवर बंद गट करायचा आणि महिनोन्‌महिने त्यांच्याशी बोलत राहायचं, ही तिची पद्धत. एकदाच फॉर्म भरून घेणाऱ्या पाहणीत माणूस मोजकं उत्तर देतो. ओळख वाढली की मनातलं सांगतो. आज विणकराच्या मुलालाही मोबाइलवर असा गट विनाखर्च करता येतो. मात्र काही पथ्यं पाळायला हवीत.

मी कविता करणारा माणूस. मैफलीत ‘वाहवा’ म्हणणारे सगळेच संग्रह विकत घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. साडीच्या फोटोखाली उमटलेले अंगठे म्हणजे मागणी नव्हे. म्हणून ‘आवडली का?’ असं विचारू नये. ‘मागची साडी कधी घेतली, केवढ्याला, किती वेळा नेसली?’ असं विचारावं.

दुसरं, गटात चार-पाच जणीच बोलतात, बाकीच्या त्यांच्या सुरात सूर मिसळतात. गप्प राहणारीला वेगळं विचारावं. जिनं साडी हातात घेऊन परत ठेवली, तिचं उत्तर तर सर्वांत मोलाचं.

तिसरं पथ्य विश्वासाचं. मत विचारायला घेतलेला नंबर जाहिरातीसाठी दुसऱ्याला देऊ नये. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ साली कायदा झाला. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी आणि दिलेली संमती माणसाला मागे घेता यावी, हे त्याचं सूत्र आहे.

आणि समजा, गटातल्या बहुतेकींनी म्हटलं, ‘करवतीचा काठ नको, साधा चालेल, किंमत उतरवा’, तर? रंग, वजन, लांबी यांवर जरूर मत घ्यावं. पण काठ गेला तर ही साडी यंत्रमागाच्या स्वस्त कापडासमोर कशाच्या बळावर उभी राहणार? तिथे विणकरानेही बोललं पाहिजे. तीन धोटे कसे चालतात, एका काठाला किती वेळ लागतो, हे दाखवलं पाहिजे. शेवटी ‘तुमच्या सांगण्यावरून हे बदललं, हे बदललं नाही, आणि त्याचं कारण हे’ असं गटाला कळवावं. ज्याला उत्तराचं पुढे काय झालं ते कळतं, तोच पुन्हा खरं उत्तर देतो.