मेरेची वाट आणि औषधाची मात्रा

मालवणाकडचा शेतकरी कुणग्याला मेर घालतो, तेव्हा पाणी जायला एक वाट ठेवतो. वरून पाऊस आणि खाली ही वाट, ह्या दोहोंच्या मेळावर रोपे तगतात. वाट बुजली तर ती कुजतात, फारच रुंद झाली तर सुकतात. आपल्या शरीरातल्या औषधाचेही असेच आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. हा धडा मला माझ्या मामांमुळे गिरवावा लागला. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले. एका पावसाळ्यात ताप आला म्हणून मी त्यांना जवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात नेले. तापाचा आणि डायलिसिसचा काय संबंध, असे वाटून मी त्याचा उल्लेखच केला नाही. रोजची इंजेक्शने सुरू झाली. पाचव्या दिवशी मामा म्हणाले, “झिला, कानात दर्या गाजता रे!” दर्या आमच्या घरापासून मैलभर दूर!

औषध होते जेंटामायसिन. ते बहुतेक सगळे मूत्रावाटेच बाहेर पडते. वाट बुजलेली, आणि वरून रोज पाऊस! ते साठले आणि कानाला बाधले. औषध थांबवले, पण मामांना पुढे कमीच ऐकू येऊ लागले. चूक माझी होती.

औषध मूत्रावाटे जाते, ही गोष्ट जुनीच आहे. 1941 साली ऑक्सफर्डला एका पोलिसाला पेनिसिलिन दिले, तेव्हा ते इतके दुर्मीळ होते की त्याच्या मूत्रातून पुन्हा काढून त्यालाच टोचले.

आता दुसरी बाजू पाहा. डायलिसिसचे यंत्र म्हणजे चार तासांपुरती उघडलेली मेर. विषाबरोबर काही औषधेही त्यातून वाहून जातात. म्हणून सेफाझोलिनसारखे औषध डायलिसिस संपल्यावर देतात. व्हॅन्कोमायसिनची मात्रा रक्तातले प्रमाण मोजून ठरवतात. उलट, लेप्टोवर वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन मुख्यतः मूत्रपिंडावर अवलंबून नसते. त्याची मात्रा सहसा बदलावी लागत नाही. थोडक्यात, सगळ्यांना एकच माप चालत नाही.

मग ‘औषध अर्धेच घेतो’ असे म्हणावे काय? मुळीच नाही! जंतूंवर पहिला घाव जोराचाच बसावा लागतो. म्हणून पहिली मात्रा पुष्कळदा पूर्ण देतात आणि पुढच्या मात्रा कमी करतात किंवा त्यांतले अंतर वाढवतात. कमी औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. हा हिशेब डॉक्टरांचा. तो आपण घरी मांडू नये.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर एक छोटी वही करा. डायलिसिसचे वार, रुग्णाचे वजन, चालू औषधे आणि शेवटची मात्रा कधी घेतली, एवढे तीत लिहा. उपचार ओरोसला असोत, गोव्यात बांबोळीला असोत की गावच्या दवाखान्यात, आधी वही पुढे करा आणि विचारा: “डॉक्टर, हे औषध डायलिसिसच्या आधी घ्यायचे की नंतर?”

एवढा एक प्रश्न मी त्या दिवशी विचारायला हवा होता.